काजूच्या धंद्यात आपण नेमके कुठे उभे आहोत?

गेल्या महिन्यात या सदरातून आम्ही लहान उद्योजकांना विचारले होते की, आपल्या धंद्याचे बाजारातले स्थान तुम्ही कशावरून ओळखता. आलेली बरीचशी पत्रे तळकोकणातून आणि चंदगड-आजरा पट्ट्यातून आली आणि त्यांतली बहुतेक काजूवरची होती. म्हणून या वेळी चार धंद्यांना वरवर हात लावण्यापेक्षा एकाच धंद्यात मुक्काम करतो.

प्रश्न : सिंधुदुर्ग जिल्ह्यात आमचा काजू प्रक्रियेचा लहान कारखाना नऊ वर्षे चालू आहे. वर्षाला साधारण 40 टन बी फोडतो आणि 14 महिला कामाला आहेत. तयार गरापैकी पाऊण हिस्सा वाशीच्या एकाच व्यापाऱ्याकडे जातो, उरलेला महामार्गावरच्या आमच्या दुकानातून पाकिटांत विकला जातो. तीन वर्षांत उलाढाल वाढली, पण हातात उरणारी रक्कम घटली. व्यवस्थापन शिकलेल्या मुलाने शक्ती, दुर्बलता, संधी आणि धोके असा चार चौकोनांचा तक्ता करून भिंतीवर लावला आहे. त्यात दर्जा ही शक्ती, भांडवल ही दुर्बलता, निर्यात ही संधी आणि स्पर्धा हा धोका असे लिहिले आहे. तक्ता पटतो, पण तो पाहून उद्यापासून वेगळे काय करायचे ते कळत नाही. आमच्या धंद्याचे खरे स्थान कसे ओळखावे?
— एक कारखानदार, सावंतवाडी तालुका

उत्तर : मुलाच्या तक्त्यात चूक काही नाही, अडचण एवढीच की तो तुमचा नाही. तोच कागद कुडाळच्या, दोडामार्गच्या किंवा आजऱ्याच्या कुठल्याही कारखान्याच्या भिंतीवर लावला, तरी एक शब्द बदलावा लागणार नाही. दर्जा चांगला नाही असे सांगणारा काजू कारखानदार मला अजून भेटलेला नाही. तेव्हा विशेषणे बाजूला ठेवून बीपासून पाकिटापर्यंतच्या वाटेवर पैसा कुठे थांबतो आणि तिथे कोण बसले आहे, हे आधी पाहू.

सुरुवात खरेदीपासून करावी लागेल, कारण काजूचा धंदा फोडण्याचा वाटला, तरी तो मुळात बी खरेदीचा धंदा आहे. तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडतो. दर समजावण्यापुरते धरले आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला. बी 120 रुपये किलो धरली, तर 40 टनांचे 48 लाख रुपये होतात आणि खरेदी किलोमागे एका रुपयाने महागली किंवा स्वस्त झाली, तर वर्षाच्या हिशेबात 40 हजारांचा फरक पडतो. आता उताऱ्याकडे पाहा. शंभर किलो बीमागे गर 23 किलोंऐवजी 24 किलो निघाला, तर 40 टनांमागे 400 किलो गर जास्त मिळतो, आणि सगळ्या प्रतींचा सरासरी दर 700 रुपये धरला तर त्याचे 2 लाख 80 हजार होतात. म्हणजे उताऱ्यातला एक किलो हा खरेदी दरातल्या सात रुपयांच्या बरोबरीचा आहे. असे असूनही काट्यावर घासाघीस होते ती रुपया-दोन रुपयांसाठी, आणि बी मात्र मूठभर हातात खुळखुळवून पोत्यात ओतली जाते.

पोत्यापोत्यातून मिळून एक किलो नमुना काढा, त्यातले नग मोजा, एकूण एक बी कापा आणि चांगला गर, डागी गर व पोचट असे तीन ढीग करून तोला. चांगल्या गराचे वजन पूर्ण आणि डागी गराचे निम्मे धरायचे. आफ्रिकेच्या बीचे सौदे याच चाचणीवर होतात; तिथे 80 किलोंच्या पोत्यात किती पौंड गर निघेल, अशी भाषा असते. किलोमागे 270 ग्रॅम भरले, तर ती बी 47 पौंडांच्या थोडी वर जाते. हे वजन सालीसकट असते, त्यामुळे भट्टी आणि सोलणीनंतर ते आणखी उतरणार, हे गृहीत धरावे. बी कुठल्या बागेतली, कुठल्या आठवड्यातली आणि उतारा किती, अशी वही तीन हंगाम ठेवली की कोणत्या गावची बी दोन रुपये जास्त देऊनही स्वस्त पडते, ते तुम्हाला कळेल आणि बाहेरून ट्रक घेऊन येणाऱ्याला कळणार नाही. शेजाऱ्याकडे अशी वही नसेल आणि तुमच्याकडे असेल, तर तक्त्यातल्या शक्तीच्या चौकोनात ती लिहायला हरकत नाही.

आता हा ट्रकवाला कोण, ते पाहू. तुमच्या पत्रात स्पर्धा म्हणजे बहुधा आसपासचे चार-सहा कारखाने अभिप्रेत आहेत. मार्च ते मे या हंगामात तुमच्या बीवर मात्र कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूच्या कारखान्यांसाठी खरेदी करणाऱ्यांचीही नजर असते. त्याच महिन्यांत पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन येथे बी उतरत असते आणि तिथला दर इथल्या दराला खाली-वर ओढतो. आपल्या देशातल्या कारखान्यांची भूक देशातल्या बीने भागत नाही. बरेचसे ते आयात केलेल्या बीवर चालतात. म्हणजे सावंतवाडीच्या आठवडी बाजारातला भाव ठरवणाऱ्या माणसांपैकी काहींनी सावंतवाडी पाहिलेलीही नसते.

स्पर्धेकडे असे रुंद नजरेने पाहण्याची रीत हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी 1979 साली एका लेखात मांडली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, धंद्यातला नफा केवळ प्रतिस्पर्धी खात नाहीत. माल पुरवणारे, माल घेणारे, नव्याने धंद्यात शिरणारे आणि आपल्या मालाऐवजी दुसरेच काही विकणारे, हे चौघेही त्यात वाटेकरी असतात. महाविद्यालयांतून हे पाच डब्यांचे चित्र होऊन बसले आहे आणि प्रत्येक डब्यात ‘जास्त’ किंवा ‘मध्यम’ लिहिले की अभ्यास झाला असे मानतात. पाचही डबे सारखे महत्त्वाचे कधीच नसतात. तुमच्या बाबतीत माझ्या मते दोनच निर्णायक आहेत, बी देणारा आणि माल घेणारा. बाकीचे तीन मी झटपट उरकतो.

नव्याने शिरणाऱ्याला या धंद्यात जवळजवळ आडकाठी नाही. बॉयलर, कटर, ड्रायर आणि सोलणी यंत्र घेतले की कारखाना उभा राहतो, आणि 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेने प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत, अनुदान देऊ केले. तुम्हाला मिळू शकले तसे ते शेजाऱ्यालाही मिळू शकले, म्हणून यंत्रसामग्री ही कुणाचीच शक्ती राहत नाही. पर्यायी मालाचे म्हणाल, तर अख्ख्या पांढऱ्या गराला भेटीच्या डब्यात बदामाची स्पर्धा आहे आणि तुकड्याला हॉटेलच्या रश्शात मगज बीची. दोन्हींचा रेटा हळू असतो. आणि आसपासचे कारखाने तुमच्यासारख्याच अडचणीत आहेत, हे त्यांच्या ओट्यावर बसून चहा घेतलात तर तेच सांगतील.

घेणाऱ्याकडे मात्र जरा वेळ थांबू. पाऊण माल एकाच व्यापाऱ्याकडे जात असेल, तर तुमचा कारखाना हा त्याचा सोलणी विभाग आहे, असे मी थोडे कठोरपणे म्हणेन. त्याने उद्या ‘या महिन्यात नको’ म्हटले, तर तुम्ही काय कराल, आणि तुम्ही ‘या दरात नाही’ म्हटले, तर तो काय करेल, ही दोन उत्तरे समोरासमोर ठेवून पाहा. त्याला आणखी वीस कारखाने माल देतात. तुम्हाला ऑक्टोबरमध्ये बँकेचा हप्ता भरायचा असतो. पैसे किती दिवसांनी येतात, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण हिशेबात ते दराइतकेच मोजले पाहिजे. हंगामात 48 लाखांची बी भरून ती वर्षभर थोडी थोडी फोडली, तर सरासरी निम्मी रक्कम सतत अडकलेली असते. 11 टक्क्यांनी तिचे व्याज 2 लाख 64 हजार, म्हणजे बीच्या प्रत्येक किलोमागे साडेसहा रुपयांहून थोडे जास्त. त्यावर दोन महिन्यांची उधारी चढली की तुमच्या भांडवलावर धंदा व्यापारी करत असतो. सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून तुमची उद्यम नोंदणी असेल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत आणि करार नसेल तर 15 दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. एप्रिल 2024 पासून आयकराच्या नियमामुळे मुदतीनंतर थकवलेली रक्कम घेणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, त्यामुळे ‘पैसे मुदतीत द्या’ या बोलण्याला आता थोडे वजन आले आहे. एकच गिऱ्हाईक असलेल्या माणसाने ते किती जोराने बोलावे, हा प्रश्न अर्थात शिल्लक राहतोच.

इथेच तुमच्या मालाकडे जवळून पाहावेसे वाटते. पोते फोडल्यावर निघतो तो एक माल नसतो. डब्ल्यू-180 म्हणजे पौंडात 180 पर्यंत दाणे बसतील असा मोठा अख्खा गर, मग 210, 240, 320 असा बारीक होत जातो, आणि पुढे पाकळी, तुकडा, कणी. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-7 या जातीची बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते आणि तिचा गर सहज वरच्या प्रतीत जातो. आफ्रिकेच्या बीत असा मोठा नग कमी सापडतो. तुमच्या भागात या आणि वेंगुर्ला-4 च्या बागा आहेत. असे असताना मोठा गर आणि तुकडा एकाच गाडीत, एकाच व्यापाऱ्याला, सरासरी दराने देणे म्हणजे हापूस रायवळाबरोबर तोलण्यासारखे आहे. मोठ्या गराचे गिऱ्हाईक दिवाळीचा डबा भरणारे आहे, ते आकार आणि रंग पाहते; पाकळी-तुकड्याचे गिऱ्हाईक कतली करणारा हलवाई आणि आइस्क्रीमवाला आहे, त्याला आकाराशी देणेघेणे नाही, दर आठवड्याला ठरलेला माल ठरलेल्या दरात हवा असतो. एका छपराखाली हे दोन धंदे आहेत आणि दोन्हींत तुमचे स्थान वेगळे आहे. मोठ्या गरात तुमच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे. तुकड्यात नाही, तिथे देशभरचा माल सारखाच आहे आणि स्वस्त देईल तो टिकेल.

वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा उपयोग मोठ्या गराला होऊ शकतो, मात्र त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. आणि मानांकनाचा शिक्का हा सामाईक विहिरीसारखा असतो. पाणी सगळ्यांना, आपली पाळी आपण साधायची. पलीकडे गोव्याच्या काजूलाही 2023 मध्ये मानांकन मिळाले आहे, तेव्हा महामार्गावरून पणजीकडे जाणारा पर्यटक दोन नावांत निवड करणार, हेही ध्यानात असू द्या.

निर्यातीच्या चौकोनाबद्दल मात्र मी साशंक आहे. काजूगराच्या निर्यातीत भारत एके काळी जगात पहिला होता. या शतकाच्या पहिल्या दशकात व्हिएतनामने ती जागा घेतली, आणि तीही स्वतःच्या बागांच्या जोरावर नव्हे. तो देश आफ्रिकेतून आणि कंबोडियातून आणलेली बी फोडतो. त्याने कापणी आणि सोलणी यंत्रावर नेली. आपल्याकडे केरळातल्या कोल्लमचे कारखाने हजारो महिलांच्या सरावलेल्या हातांवर चालत. टरफलातल्या चिकाने बोटे भाजू नयेत म्हणून राख लावून बी फोडणाऱ्या त्या बायकांचे कसब हीच त्या शहराची शक्ती होती. यंत्राने सोललेला गर जागतिक बाजारात चालू लागला, मजुरी वाढली, आणि शक्तीच्या चौकोनातली ओळ खर्चाच्या खात्यात जाऊन बसली. तिथले अनेक कारखाने बंद पडले. तुमच्याकडच्या 14 महिलांचे कसब तुमच्या हिशेबात आज कोणत्या बाजूला आहे, ते एकदा प्रतीवार पाहा: हाताने सोलून अख्खा गर किती जास्त वाचतो आणि त्याची किंमत मजुरीपेक्षा जास्त भरते का? मोठ्या गरात बहुधा भरते, बारकात भरणार नाही.

राहता राहिला देशातला बाजार. तो आज तयार गराच्या आयातीपासून बराचसा सुरक्षित आहे, कारण तयार गरावरचे सीमाशुल्क 2019 मध्ये 70 टक्के करण्यात आले, तर कच्च्या बीवरचे त्याआधीच्या वर्षी अडीच टक्क्यांवर आणले गेले. ही भिंत तुम्ही बांधलेली नाही आणि पाडणाराही तुम्हाला विचारणार नाही. शिवाय आयव्हरी कोस्टचे सरकार बी तिथल्या तिथे फुटावी म्हणून तिथल्या कारखान्यांना प्रोत्साहन देत आहे. ते जसजसे जमेल तसतशी बाहेर निघणारी बी कमी होईल. म्हणून पुढच्या पाच वर्षांचा अंदाज बांधताना शुल्क आहे तसेच राहील असे एक गणित करा आणि ते निम्मे होईल असे दुसरे. दुसऱ्या गणितात तुकड्याचा धंदा तोट्यात जात असेल, तर त्या धंद्यात नवे यंत्र घालू नका.

मला विचाराल तर येत्या हंगामासाठी भिंतीवरचा तक्ता उतरवून तीन आकडे लावावेत: गाववार उतारा, सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचा विक्रीतला टक्का आणि माल गेल्यापासून पैसे येईपर्यंतचे दिवस. पहिला आकडा वाढला आणि बाकीचे दोन घटले, तर तुमचे स्थान सुधारले, उलाढाल काहीही असो. वाशीचा संबंध तोडायला मी सांगत नाही. पाऊण हिस्सा निम्म्यावर आणण्यासाठी बेळगाव, कोल्हापूर किंवा पणजीचे चार हलवाई पाकळीला बांधून घेतले, तरी पुढच्या वेळी दर ठरवताना तुमचा आवाज बदललेला असेल.

प्रश्न : चंदगड तालुक्यात आमची पाच एकर काजूची बाग आहे. बी विकण्यापेक्षा स्वतःच फोडून गर विकला, तर मधला नफा आम्हालाच मिळेल, असे घरात ठरत आहे. बँक कर्ज द्यायला तयार आहे. स्पर्धेचा अभ्यास कसा करावा?
— एक बागायतदार

उत्तर : स्पर्धेच्या आधी स्वतःच्या बागेचा अभ्यास करा. सात मीटर अंतराची लागवड असेल, तर एकरी 80 झाडे, म्हणजे पाच एकरांत 400. झाडामागे आठ किलो बी धरली, तरी सव्वातीन टनांच्या आत. लहानसा कारखानाही तेवढी बी काही आठवड्यांत फोडून मोकळा होतो. उरलेले दहा महिने यंत्र चालवायचे, तर बी विकत घ्यावी लागेल आणि ज्या क्षणी ती घ्याल, त्या क्षणी तुम्ही बागायतदार न राहता वरच्या पत्रातल्या कारखानदाराच्या शेजारी काट्यावर उभे राहाल. त्याच्याकडे नऊ वर्षांचा सराव आहे, तुमच्याकडे नवे कर्ज. बँक कर्ज देते आहे, यावरून कर्जाला तारण आहे एवढेच कळते. धंद्याला जागा आहे की नाही, हे कळत नाही.

म्हणून पहिला हंगाम यंत्राविना काढा. आपलीच बी जवळच्या कारखान्यातून मजुरीवर फोडून घ्या, गर प्रतवारी करून आणा आणि तो स्वतः विकून बघा. मजुरी, घट आणि वाहतूक वजा जाता बी विकण्यापेक्षा किती जास्त हातात आले, तो तुमचा मधला नफा. पुष्कळदा तो वाटला होता त्याच्या निम्माही नसतो, कारण विकायला लागणारे दिवस आणि डिझेल घरचे म्हणून कुणी मांडत नाही. तुम्ही मांडा. उरलेल्या रकमेतून कर्जाचा हप्ता निघत असेल, तर पुढच्या वर्षी बँकेत जा. बँक पळून जात नाही.

प्रश्न : आमचा राजापूर तालुक्यातला महिला बचत गट तयार गर विकत घेऊन खारा आणि मसाला काजू करतो. आता ऑनलाइन दुकानात भाजलेला काजू आमच्या खरेदी दराच्या आसपास मिळतो. एवढ्या मोठ्या कंपन्यांपुढे आमचे स्थान काय?
— गटाची अध्यक्ष

उत्तर : ताई, आधी ते पाकीट मागवून फोडून पाहा. दाणे मोजा, अख्खे किती आणि पाकळ्या किती ते वेगळे करा, निव्वळ वजन तोला आणि तेलाचा वास घ्या. तुमच्या दरात मिळणारा माल पुष्कळदा बारीक प्रतीचा निघतो, आणि मोठ्या गराशी त्याची तुलना करून तुम्ही स्वतःला उगाच महाग ठरवता. तपासणीत माल सारखाच निघाला, तर मात्र त्या दराशी झुंजण्यात अर्थ नाही. त्यांची गाडी कारखान्यातून भरते, तुमची पिशवी दुकानातून.

तुम्ही काजूच्या धंद्यात आहात, असे मला वाटत नाही. तुम्ही खाऊच्या आणि भेटीच्या धंद्यात आहात. तुमच्या पाकिटाशेजारी फळीवर काय असते? आंबा वडी, कोकम सरबत, फणसपोळी. मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईहून आलेला चाकरमानी परत जाताना पाचशे रुपयांत शेजाऱ्यांसाठी काय न्यावे, याचा विचार करतो आणि त्या पाचशे रुपयांवर तुमची खरी स्पर्धा चालते. तेव्हा गटाच्या वहीत रकमेबरोबर गिऱ्हाईक मुंबईचे की गावातले, आणि पहिल्यांदा आले की पुन्हा, एवढे दोन रकाने वाढवा. पुन्हा येणारी माणसे गणपतीतच येत असतील, तर पाकिटाचा आकार, मालाचा साठा आणि गर खरेदीची वेळ त्यांच्याकडे पाहून ठरवावी लागेल. आणि तो गर घेताना वरच्या पत्रातल्यासारख्या एखाद्या कारखान्याकडे थेट जा, तो दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या शोधात असेलच.